अल्विनेबाईंचे टाके

१

कुठलीही जुनी वर्दी टेबलावर आली की लुडगर हाकेनबेर्ग भिंग उचलण्याआधी तिचा वास घेई. डांबराच्या गोळ्या, तळघराची ओल, उंदीर, कुणाची तरी तंबाखू. बनावट मालाला बहुधा चहाचा वास यायचा, कारण नवं कापड जुनं दाखवायचं तर ते चहाच्या पाण्यात बुडवण्याइतका सोपा उपाय दुसरा नाही.

"या गरुडाला कुणीतरी चहा पाजलाय!" तो आतून ओरडून सांगे.

"बिस्किटं दिली का बरोबर?" स्वयंपाकघरातून ट्राउडेल विचारी.

दोघांनीही सत्तरी ओलांडली होती. लुडगरचा जन्म संग्रहालयांतल्या जुन्या वस्त्रांची डागडुजी करण्यात गेला होता. निवृत्तीनंतर तो घरी बसून एकच काम करी. युद्धकाळातल्या जर्मन वर्द्यांवरची चिन्हं, म्हणजे छातीवरचे गरुड, कॉलरवरच्या पट्ट्या, खांद्यावरच्या फिती, खरी की नकली ते सांगायचं. संग्रहालयं विचारत, माळा आवरताना आजोबांची पेटी सापडलेली घरं विचारत. डोळ्यांत भलतीच चमक घेऊन येणाऱ्या हौशी गिऱ्हाइकांना मात्र तो जिन्यातूनच परत पाठवी. त्या चिन्हांचं त्याला कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते टाक्यांचं. कारखान्याच्या यंत्राचा टाका, रेजिमेंटच्या शिंप्याचा टाका, आईनं चुलीपाशी बसून घातलेला टाका, हे तो बोटानं ओळखी.

ट्राउडेलला टाका म्हणजे काय हे ठाऊक होतं, पण तेवढंच. तिनं आयुष्यभर वुपरटालची लोंबती, म्हणजे वरच्या रुळाला टांगलेल्या डब्यांची, रेल्वे चालवली होती. सुई हे तिच्या लेखी शत्रूचं हत्यार. घरातली बटणं लुडगर लावी आणि नळ ती दुरुस्त करी. रेल्वे त्यांच्या घरासमोरूनच, रस्त्याच्या डोक्यावरून जायची. डब्यातली माणसं आणि कामाच्या खोलीत बसलेला लुडगर एकाच पातळीवर येत. ओळखीची मुलं त्याला हात करत.

नोव्हेंबरातल्या एका ओल्या सकाळी हेडा निगेमान नावाची बाई उशीच्या अभ्र्यात कोट घालून घेऊन आली. ऐंशीच्या घरातली, ताठ कण्याची, जवळच्याच नेविगेस गावची. लग्न केलं नव्हतं. आईबरोबर राहिली, आई गेल्यावर त्याच घरात राहिली.

"वडिलांचा आहे," ती म्हणाली. "विलिबाल्ट निगेमान. शेवटच्या रजेवर आले तेव्हा हा घरी ठेवून दुसरा घालून गेले. ते गेलेच. मी तेव्हा एवढीशी होते."

"पायदळात होते?"

"साधे शिपाई हो. सामानाच्या गाड्या हाकायचे. आई नेहमी सांगायची, तुझ्या बापानं घोड्यांना चाबूकसुद्धा लावला नाही." तिनं कोटाची कॉलर हातानं नीट केली, शाळेत निघालेल्या पोराची करावी तशी. "आमच्या गावच्या संग्रहालयात ते ब्रूख आहेत ना, ते एक दालन करताहेत. युद्धावरून न परतलेल्या गावकऱ्यांचं. नाव, फोटो, असेल ती वस्तू. ते म्हणाले, तुम्ही एकदा बघून दिलंत की झालं."

"उसवून बघावं लागेल थोडं. चालेल?"

हेडाबाईंनी क्षणभर विचार केला. "आईनं शिवलंय सगळं. ती घरी शिवणकाम करायची. हा माझ्या अंगावरचा कोटही तिचाच. ती जाऊन वीस वर्षं झाली, पण एक टाका ढिला नाही." मग हसून म्हणाल्या, "बघा उसवून. तुम्हालाच घाम फुटेल."

त्या गेल्यावर लुडगरनं कोट पसरला. वास चांगला होता, लोकरीचा आणि इस्त्रीचा. जांभळ्या दिव्याखाली धरला. नवा कृत्रिम दोरा त्या दिव्याखाली दुधासारखा चमकतो. इथं सगळं शांत, काळं राहिलं. उजव्या छातीवरचा विणलेला गरुड अस्सल, कॉलरवरच्या दुहेरी पट्ट्या अस्सल. आणि टाके तर असे की त्यानं खुर्ची मागे सारून ट्राउडेलला बोलावलं.

"बघ. उलटा टाका, एकेक तांदळाच्या कणीएवढा. मला नाही जमणार हे."

"मग ब्रह्मदेवालाही नाही जमणार," ट्राउडेल म्हणाली आणि त्याच्या टकलावर ओठ टेकवून निघून गेली.

गरुडाच्या पंखाखाली दोऱ्याची गाठ होती. सवयीप्रमाणे लुडगरनं तिच्यावर बोट फिरवलं. दोऱ्याचं टोक ओलं होतं. शिवणाऱ्या बाया दोरा दातानं तोडतात, तेव्हा टोक ओलं होतं ना, तसं.

त्यानं छताकडे पाहिलं. मग कपाकडे पाहिलं. कप दूर होता. सांडला असेल थेंब, असं म्हणून त्यानं बोट पुसलं.

२

जेवणाआधी त्यानं गरुडाचा एक कोपरा उसवला. बारीक कात्री, चिमटा, एकेक टाका. खरोखरच घाम फुटला. कोपरा उचलून त्यानं खालचं कापड पाहिलं आणि त्याचे हात थांबले.

जे चिन्ह कोटाबरोबर वापरलं गेलं, त्याच्याखालचं कापड उन्हा-पावसापासून बचावतं. बाकी कोट विटतो, तेवढा तुकडा गडद राहतो. इथं खालचं कापड बाहेरच्याइतकंच विटलेलं होतं. म्हणजे कोट भरपूर वापरून झाल्यावर गरुड छातीवर आला.

"असं होतं कधी कधी," तो स्वतःशीच म्हणाला. "जुना फाटला, नवा लावला."

पण जुन्याची सावलीही नव्हती.

ट्राउडेलनं वाटाण्याचं सूप वाढलं. जेवताना तिनं वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या कुत्र्याची नक्कल केली, तो हसला. मग तो खोलीत परतला. गरुडाचा कोपरा शिवलेला होता.

लुडगर बराच वेळ उभाच राहिला. खिडकीबाहेरून एक गाडी गुणगुणत गेली आणि खोलीतल्या काचा हलकेच थरथरल्या.

"ट्राउडेल, तू कोटाला हात लावलास?"

"लावला असता तर दिसला असता," ती दारात आली. "रक्ताचे डाग पडले असते."

"हा कोपरा मी उसवला होता."

"मग शिवलास तूच."

"मी तुझ्यासमोर सूप पीत होतो."

ट्राउडेलनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या त्या पाहण्याचा अर्थ त्याला कळला, आणि तो त्याला टोचला. त्याचे वडील शेवटच्या दिवसांत दाराला कडी घालायचे आणि लगेच ओरडायचे, कडी कुणी घातली? तेव्हा सगळ्यांनी असंच पाहिलं होतं.

"मीच शिवला असेन," तो म्हणाला. "उसवायच्या विचारात असेन, उसवलाच नसेल."

"थकलास तू. उद्या बघ."

तिनं त्याचा हात दाबला. पण चिमटा टेबलावर होता, आणि चिमट्याच्या टोकाला उसवलेल्या दोऱ्याचं बारीक तूस लटकत होतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्राउडेल बाहेरून आली ती थेट त्याच्या गळ्यात पडली.

"किती वर्षं मागे लागले होते! आणि गुपचूप केलंस!"

तिच्या हिवाळी कोटाचं अस्तर काखेत फाटलेलं होतं. ते शिवलेलं होतं. लुडगरनं अस्तर उजेडाकडे धरलं. उलटा टाका, तांदळाच्या कणीएवढा.

हे मी केलेलं नाही, असं त्याला म्हणायचं होतं. पण ती इतकी खूश होती, आणि कालचं तिचं पाहणं अजून त्याच्या पाठीत रुतलेलं होतं.

"आवडलं ना?" तो म्हणाला.

त्यानंतर घरात एकेक गोष्ट नीट होऊ लागली. त्याच्या स्वेटरचा कोपर. भांडी पुसायच्या फडक्याची उसवलेली कड. पडद्याची दुमड. त्याच्या मोज्याला एवढं सुरेख रफू की त्यानं तो मोजा पायात घालायचं टाळलं. ट्राउडेल दर वेळी त्याचे आभार मानी. एकदा तिनं त्याच्यासाठी चेरी घालून वाफल केले. तिला वाटत होतं, नवऱ्याला म्हातारपणी प्रेमाचं भरतं आलंय. त्याला वाटत होतं, आपलं डोकं फिरतंय. आणि दोन्ही वाटण्यांच्या मध्ये त्या घरात खरोखर एक ऊब आली होती. खोल्यांतून इस्त्रीचा वास येई. कोणीतरी घराची काळजी घेत आहे, असं वाटे. लुडगरला त्याची भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण सकाळी उठून बटण तपासताना तो कुठंतरी वाटही बघत होता.

आवाज मात्र त्यानं एकट्यानंच ऐकला. गाडी जाताना खोली गुणगुणायची. ती गेल्यावर पुढची येईपर्यंत सगळं निवांत. अशा निवांतपणात, तो पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असताना, कामाच्या खोलीतून धातूचा हलका टकटकाट आला. शिवणाऱ्याच्या बोटातलं अंगुस्तान टेबलाला लागावं तसा. मग कापड ओढल्याची सळसळ. मग बारीकसा *टक्*.

दोरा दातानं तोडल्याचा आवाज त्यानं आयुष्यात हजारदा ऐकला होता. त्याची आईही असाच तोडायची.

तो उठून गेला. खोली रिकामी. कोट घडी घालून ठेवलेला. लुडगर तो असा कधीच ठेवत नसे. बाह्या मागे, कॉलर वर, आणि छातीवर हात ठेवून बसवावी तशी घडी.

४

मग लुडगरनं ठरवलं की डोकं फिरत असेल तर त्याचीही परीक्षा घ्यावी. त्यानं सगळा गरुड काढला. प्रत्येक पायरीचा फोटो घेतला, म्हणजे नंतर स्वतःशीच वाद नको. गरुड बशीत ठेवला. मग, हात लागलेच आहेत तर, म्हणून कोटाची डावी बाही जांभळ्या दिव्याखाली धरली.

बाहीच्या वरच्या भागात सुईची बारीक भोकं होती. ती भोकं मिळून एक आकार होत होता. पसरलेले पंख. आतलं कापड गडद, जपलेलं.

सैन्यातला शिपाई गरुड छातीवर लावी. डाव्या बाहीवर लावायची रीत एसएसची, हिटलरच्या खास दलाची, होती.

लुडगरनं दिवा बंद केला. पुन्हा लावला. कॉलरवरची दुहेरी पट्टी एका टोकाला उचलली. तिच्याखाली कापडावर एक तिरकस चौकोन होता, हिरवागार, कालच रंगवल्यासारखा. तिथंही वर्षानुवर्षं दुसरंच काही होतं. काळं. छळछावण्यांवर ज्यांचा पहारा असे त्यांच्या कॉलरवर असायचं ते.

सगळी चिन्हं अस्सल होती. तीच तर गोम होती. कुणीतरी अस्सल चिन्हं काढून दुसरी अस्सल चिन्हं लावली होती. इतक्या मायेनं, की डोळ्यांत पाणी यावं.

ट्राउडेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. लुडगर म्हणाला, मीही येतो. गरुड त्यानं झोपण्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. कोट कामाच्या खोलीत तसाच राहिला, छाती उघडी.

परतताना दोघं खिडकीशी बसली. ट्राउडेलची जुनी खोड होती, घरासमोरून गाडी गेली की आपल्या खिडकीत डोकावायचं. नोकरीत असताना ती त्यासाठी वेग कमी करायची, असं सोबती चिडवत. स्थानक जवळ आलं, गाडी मंदावली.

"लुडगर," ती म्हणाली. "तू घराची किल्ली कुणाला दिलीस?"

त्याच्या खुर्चीत एक बाई बसली होती. पाठ खिडकीकडे, मानेवर राखाडी केसांचा छोटा अंबाडा. मांडीवर कोट. उजवा हात वर जायचा, दोरा ताणला जायचा, हात खाली यायचा. घाई नाही. जन्मभर हेच केल्यासारखा हात. मग तिनं तोंड कापडाजवळ नेलं.

डबा पुढे सरकला तेव्हा तिनं मान वळवली. चेहरा दिसला असता, पण खिडकीची चौकट मध्ये आली. लुडगरला दिसलं ते एवढंच, घट्ट मिटलेले ओठ आणि त्यांत ओळीनं धरलेल्या टाचण्या.

"कुणालाच नाही," तो म्हणाला.

ट्राउडेलनं त्याचा हात धरला तो जिना चढून होईपर्यंत सोडला नाही. दाराला कुलूप होतं. खोलीत कुणी नव्हतं. खुर्चीची गादी खोल बसलेली होती, आणि ती दोघं बघत असतानाच हळूहळू वर आली. कोटाच्या उजव्या छातीवर गरुड होता. लुडगरनं जाऊन कपाट उघडलं. कुलूप शाबूत, बशी रिकामी.

"म्हणजे माझं अस्तर..." ट्राउडेल म्हणाली.

"मी नव्हतं शिवलं."

तिनं अंगावरचा कोट काढून काख उलटी केली. आणि या सगळ्यात तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "मेल्या, आणि मी तुला वाफल खायला घातले!"

दोघंही हसली.

५

लुडगरनं तिला बाही दाखवली, कॉलर दाखवली.

"बिचारी," ट्राउडेल म्हणाली. "पोरीला कळू नये म्हणून."

"हो."

"ती पोर आता ऐंशीची आहे, लुडगर. कशाला सांगतोस? घोड्यांना चाबूक न लावणारा बाप आहे तिच्याकडे. राहू दे."

"आणि दालनात लावतील त्याचं काय? गावातल्या बाकीच्या पोरांच्या रांगेत? त्यांच्यातला एखादा खरंच गाड्या हाकणारा असेल. आणि ज्यांच्यावर यानं पहारा दिला त्यांची नातवंडं आली बघायला, तर?"

 ट्राउडेलनं खिडकीचा पडदा ओढून घेतला, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उघडला.

दुपारी लुडगर एकटाच टेबलाशी बसला. समोर कोरा कागद. पाठीमागे, उजवीकडे, कोणीतरी उभं आहे असं त्याला वाटत होतं. शिकवणाऱ्या बाई मुलाच्या वहीत डोकावतात तसं. स्टार्चचा वास जवळून येत होता.

"अल्विनेबाई," तो मोठ्यानं म्हणाला. आईचं नाव हेडाबाईंनी फोनवर सांगितलं होतं. "तुमच्यासारखे टाके मी जन्मात पाहिले नाहीत. तुमच्या मुलीला दुखवावं असं माझ्या मनात नाही. पण मी खोटं लिहिणार नाही. मला येत नाही ते."

काही झालं नाही. गाडी आली, गेली. त्याला हायसं वाटलं. त्यानं पेन घ्यायला हात उचलला.

हात उचलला गेला नाही.

त्याच्या शर्टाची बाही टेबलावरच्या बनातीला शिवलेली होती. मनगटापासून कोपरापर्यंत, तांदळाच्या कणीएवढ्या टाक्यांनी, दाट, सरळ. त्याला सुईचा स्पर्शही झाला नव्हता. शेवटची गाठ मनगटाच्या शिरेवर होती. तिचं टोक ओलं होतं, आणि या वेळी ते कोमटही होतं.

तो ओरडला नसावा, पण ट्राउडेल धावत आली. तिनं स्वयंपाकघरातली मोठी कात्री आणली.

"हलू नकोस. चाव हे." तिनं दोऱ्याचा तुकडा त्याच्या दातांत दिला.

"काय आहे हे?"

"माझी आजी म्हणायची, अंगावर कपडा शिवला की माणसाची अक्कल आत शिवली जाते. दोरा चावत राहायचं."

"ट्राउडेल, आपण एकविसाव्या शतकात..."

"चाव म्हटलं ना!"

तो चावत राहिला. ती कापत राहिली, बाहीचं वाटोळं करत, रडत, नाक पुसत. आणि खोलीतल्या रिकाम्या जागेला उद्देशून म्हणत राहिली, "माझ्या नवऱ्याला हात लावायचा नाही. तुझं दुःख मला कळतं, बाई. पण याला हात लावायचा नाही."

६

दुसऱ्या दिवशी हेडाबाई दुपारच्या कॉफीच्या वेळेआधीच आल्या. लुडगरनं फोनवर एवढंच म्हटलं होतं की समोर बसून बोलायला हवं. ट्राउडेलनं मनुकांचा पाव कापला, पण कुणी घेतला नाही.

त्यानं सांगितलं. जेवढं कापड सांगत होतं तेवढंच. वर काही जोडलं नाही. जांभळ्या दिव्याखाली बाहीवरचे पंख दाखवले. हेडाबाई ताठ बसून होत्या. त्यांचा एक हात सारखा स्वतःच्या कोटाच्या कडेवरून फिरत होता.

"दुसऱ्या कुणाचा कोट असेल का?" त्यांनी विचारलं.

"असू शकेल. आत तुमच्या वडिलांचं नाव शिवलेलं आहे. तेही त्याच हातानं."

"हं." मग कोटाकडे बघत, "दर रविवारी चर्चहून आलं की आई हा कोट काढायची. सगळे टाके तपासायची, एखादा नवा घालायची. मी म्हणायचे, आई, कोण घालणार आहे आता तो? ती म्हणायची, कुणी घालू नये म्हणूनच बघते."

ट्राउडेलनं लुडगरकडे पाहिलं.

"मला कात्री द्या," हेडाबाई म्हणाल्या.

त्यांनी स्वतः उसवायला घेतलं. आईची मुलगी होती, हात स्थिर होता. वरच्या टोकाकडून एकेक टाका सुटत गेला. पाच-सहा सुटले असतील, तेव्हा लुडगरला दिसलं की खालच्या टोकाला, जिथं कुणाचा हात नव्हता, तिथं दोरा कापडात शिरतो आहे, बाहेर येतो आहे. हेडाबाई जितकं उसवत, तितकं शिवलं जाई. ट्राउडेलनं तोंडावर हात धरला.

हेडाबाईंनीही पाहिलं. कात्री थांबली. लुडगरला वाटलं, आता ही बाई कोसळणार. पण त्यांनी कात्री खाली ठेवली आणि आपला सुरकुतलेला पंजा त्या गरुडावर उताणा न ठेवता पालथा, अलगद ठेवला, ताप बघतात तसा.

"आई," त्या म्हणाल्या. "पुरे आता. बोटं बघ तुझी."

खोलीत काहीच हललं नाही.

"मी मोठी झाले गं. म्हातारी झाले. मला सांभाळायचं काम संपलं. चल घरी."

पंजाखाली कापड एकदा वर आल्यासारखं झालं, जणू खालून कुणी बोटं टेकवली. मग ते सैल पडलं. हेडाबाईंनी हात उचलला. दोरा आपोआप सुटून गरुडाभोवती पडला होता, एकाच लांब, अखंड वळशात.

कॉलरच्या पट्ट्या त्यांनी ओढल्या तशा हातात आल्या.

"ब्रूखना सांगा, कोट ठेवा," त्या उठत म्हणाल्या. "पण न परतलेल्यांच्यात नाही. काय होता ते लिहून, त्याच्या जागी ठेवा. मी येईन बघायला." दाराशी थांबून त्यांनी ट्राउडेलचा गाल थोपटला. "पाव बांधून द्याल का? दोन तुकडे."

खिडकीतून दोघांनी त्यांना जाताना पाहिलं. पाऊस लागला होता. हेडाबाई अगदी सावकाश चालत होत्या, त्यांच्या नेहमीच्या चालीपेक्षा कितीतरी सावकाश. छत्री त्यांनी एका बाजूला इतकी कलती धरली होती की त्यांचा स्वतःचा खांदा भिजून काळा पडला. छत्रीखाली दुसरं कुणी नव्हतं. रस्ता ओलांडण्याआधी त्या थांबल्या, वाकून काहीतरी बोलल्या, मग पुढे गेल्या.

"गेली," ट्राउडेल म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "बरं झालं बाई. सुटली."

लुडगरनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा त्यांच्या पाठीमागे खुर्ची करकरली.

७

ती आधीची करकर नव्हती. अल्विनेबाई बसत तेव्हा गादी नुसती दबे. आता लाकूड कण्हलं.

दोघं वळली. खुर्ची रिकामी होती. कोट मात्र टेबलावर नव्हता. तो खुर्चीच्या पाठीवर होता, खांदे रुंद, बाह्या दोन्ही बाजूंना. कॉलर उघडी, छाती उघडी, एकही टाका नाही. इस्त्रीचा वास निघून गेला होता. त्याच्या जागी ओल्या चामड्याचा आणि घोड्यांचा वास होता.

कोटाची छाती हळूच वर आली. हळूच खाली गेली.

"कुणी घालू नये म्हणून शिवत होती ती," ट्राउडेल पुटपुटली.

लुडगर दाराकडे सरकला, तिला ओढत. ती हलली नाही.

"नाही," ती म्हणाली. "एकटं सोडायचं नाही याला. इतकी वर्षं तिनं एकटीनं राखण केली. ब्रूखला फोन कर. आत्ता ये म्हणावं."

त्यानं फोन केला. ब्रूख म्हणाला, निघतोच. मग दोघांनी दोन स्टुलं आणून खुर्चीसमोर मांडली आणि एकमेकांचा हात धरून बसली. लुडगरच्या मनात आलं, सुई घ्यावी आणि सगळं होतं तसं शिवून टाकावं. त्यानं तसं म्हटलंही. "नको," ट्राउडेल म्हणाली. "तिला तेच करत मरावं लागलं. आणि मरूनही." मग ती त्याच्याशी बोलत राहिली, मुद्दाम, साध्या आवाजात. लग्नात त्याच्या काकांनी केक कसा पाडला. पहिल्या फ्लॅटमध्ये नळ कसा फुटला. तो हो हो म्हणत राहिला. गाड्या आल्या, गेल्या. एका गाडीतलं एक लहान पोर खिडकीशी बसलं होतं. त्यानं लुडगरला हात केला, ट्राउडेलला हात केला, आणि मग खुर्चीकडे बघून हात खाली घेतला.

ब्रूख आला तेव्हा अजून उजेड होता. गोल पोटाचा, आनंदी, छत्री झटकणारा माणूस. लुडगरनं कोट पाठीमागून धरून खोक्यात घातला. कसा घातला ते त्यानं पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. ट्राउडेलनं झाकण लावून दोरीनं आवळलं.

ब्रूखनं खोकं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"अहो! काय भरलंय यात? एकच कोट ना?"

"एकच," लुडगर म्हणाला.

"लोकर भिजली असेल."

"असेल."

तिघांनी मिळून ते जिन्यावरून खाली नेलं, झोपलेल्या माणसाला नेतात तसं, वळणावर जपून. ब्रूखच्या मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवलं तेव्हा मोटार त्या बाजूनं खाली बसली. ब्रूख हात झटकून पुढे जायला निघाला.

"पट्टा लावा त्याला," ट्राउडेल म्हणाली.

ब्रूख हसला. मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, लुडगरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मागचं दार उघडून खोक्याभोवती पट्टा घट्ट आवळला.